ब्लू कटचे जास्तीचे पैसे कशाचे?

स्नेहलतागंजकर
ग्रुपवरची कालची ब्लू कट चष्म्याची, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांची, पोस्ट सगळ्यांनी वाचली असेलच. "इंदूरच्या प्रत्येक घरात मुलांना आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना ब्लू कट चष्मा लावा. मोबाइलच्या निळ्या किरणांनी डोळ्याचा पडदा जळतो, झोप उडते. पंधरा दिवसांत फरक बघा." खाली अंगठेच अंगठे. राहवलं नाही म्हणून एवढं लिहितोय.

पडदाबिडदा काही जळत नाही. भर दुपारी राजवाड्यासमोर उघड्यावर लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड असतो, घरात दिव्याखाली जेमतेम काही शे. मोबाइलची त्यापुढे काय कथा? पडदा जळायचा असता तर मल्हारराव होळकरांच्या काळातच सगळं इंदूर आंधळं झालं असतं.

डोळे चुरचुरतात हे खरं. पण स्क्रीनकडे टक लावून बसलं की पापण्या लवायच्या निम्म्यावर येतात, डोळ्यांतलं पाणी वाळतं. त्यात तासन् तास जवळचं बघणं, वरून एसीचा झोत थेट तोंडावर. यातलं काय काय ती काच थांबवणार? 2023 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने या चष्म्यांवरच्या 17 चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेपेक्षा ब्लू कटने डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. झोपेचे निकाल उलटसुलट. ब्रिटनमध्ये 2017 साली बूट्स ऑप्टिशियन्स या चष्मेवाल्यांना ब्लू कटच्या असल्याच जाहिरातीपायी 40,000 पौंड दंड झाला. आपल्याकडे मात्र काउंटरवर अजून निळा टॉर्च मारून काच तो कशी अडवते ते दाखवतात आणि आपण "वा!" म्हणून पाकीट काढतो.

सुपर कॉरिडॉरवाला
दादा, रात्री दोनपर्यंत अमेरिकेच्या क्लायंटबरोबर कॉलवर बसून बघा, मग कॉक्रेन सांगा. मी नारिंगी काचांचा चष्मा घेतलाय. कॉल संपायच्या आधी तासभर लावतो. पूर्वी पहाटे चारपर्यंत छताकडे बघत पडायचो, आता पडल्या पडल्या झोप. तुमच्या 17 चाचण्यांत मी नव्हतो.

स्नेहलतागंजकर
भाऊ, तुझा चष्मा नारिंगी आहे. पोस्टमधला पारदर्शक, तो जेमतेम 10 ते 25 टक्के निळा प्रकाश अडवतो. शरीराचं घड्याळ चालवणाऱ्या डोळ्यांतल्या पेशी 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने सगळ्यात जास्त जाग्या होतात. पारदर्शक काच तिथे फारसं काही करत नाही, नारिंगी करते. कोलंबिया विद्यापीठाने 2018 मध्ये झोप न येणाऱ्या 14 जणांना आठवडाभर झोपेआधी दोन तास तसाच चष्मा लावायला दिला, तर झोप अर्ध्या तासाच्या आसपास वाढली. म्हणजे तुझं म्हणणं मान्य. पण 14 माणसं तर आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी जमतात, त्यांच्या जोरावर इंदूरभर सक्ती?

सुपर कॉरिडॉरवाला
"तुझं म्हणणं मान्य" एवढंच वाचलं. धन्यवाद.

मल्हारगंजचा चष्मेवाला
दुकान आता मुलगा बघतो, पण उभी हयात काउंटरमागे गेली आहे, म्हणून बोलतो. सगळे दुकानदार चोर, हे लिहायला सोपं असतं. गिऱ्हाईक स्वतःच येऊन "ब्लू कट आहे का?" विचारतं. नाही म्हटलं की समोरच्या दुकानात जातं, नाहीतर मोबाइलवरून मागवतं. तिथे तर नंबरसुद्धा घरबसल्या! डोळ्यांमधलं अंतर कोण मोजतं तिथे? ते चुकल्याने डोकं दुखतं की निळ्या किरणांनी, हे आधी सांगा.

टॉर्चचं म्हणाल तर तो जांभळट लेसर असतो, 405 नॅनोमीटरच्या आसपासचा. काच तो अडवते, खोटं काही नाही.

स्नेहलतागंजकर
काका, खोटं नाही, अर्धवट आहे. मोबाइलच्या एलईडीचा निळा भर 450 च्या आसपास असतो. अडवून दाखवायचं 405 वर आणि पैसे घ्यायचे 450 चे?

मल्हारगंजचा चष्मेवाला
पैसे एआर, म्हणजे चमक रोखणाऱ्या, कोटिंगचेही असतात. ट्यूबलाइटची चमक काचेवर येत नाही, बघायला आराम पडतो. ते नाही लिहिलंत.

सुदामानगरची आई
मी मुलीला घेऊन दिला आहे. आठवीत आहे. कोचिंग, त्यावर ऑनलाइन टेस्ट, त्यावर शाळेच्या ग्रुपवरचा गृहपाठ. मोबाइल देऊ नका म्हणणाऱ्यांनी आधी शाळेला सांगावं. चष्मा लावला की निदान मनाला वाटतं काहीतरी केलं.

पण डॉक्टरबाईंनी वेगळंच सांगितलं. निळा प्रकाश सोडा, नंबर वाढायचा नसेल तर रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या. तैवानने म्हणे 2010 पासून शाळाशाळांतून रोज 120 मिनिटं मुलांना बाहेर काढायचं धोरण ठेवलं आणि मुलांची नजर बिघडायचा चढता आकडा खाली आला. ऐकायला छान. सुदामा नगरात मैदानं कुठे उरलीत? मोकळी जागा दिसली की लग्नाचा मांडव. आणि मे महिन्यात दोन तास उघड्यावर?

पीथमपूर अप-डाउन
घरातलं बोलून झालं असेल तर रस्त्यावर या. मी रोज रात्री राऊकडून परततो. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला पांढरा एलईडी, प्रत्येकाचा हाय बीम, डिपर मारणं म्हणजे जणू कमीपणा. दोन सेकंद काहीच दिसत नाही. पिवळा नाइट ड्रायव्हिंगचा चष्मा घेतला, आता बरं वाटतं. याच्यावर बोला, हा जिवाचा प्रश्न आहे.

रामबागेतले नाना
अगदी बरोबर बोललास! मी उज्जैनहून रात्री येतो तर सांवेरच्या पुढे डोळ्यांत सुया टोचतात. पूर्वीचे पिवळे दिवे काय वाईट होते? शहरातही सोडियमचे गेले, पांढरे आले. आणि ई-रिक्षा! पुढे दोन, मागे चार, खाली पट्टी, हँडलला झगमगाट. आरटीओ झोपलंय की काय? मीही पिवळा चष्मा मागवतो आहे.

स्नेहलतागंजकर
नाना, मागवू नका. बॉस्टनमध्ये ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर पिवळ्या काचा तपासल्या, 2019 मध्ये छापून आलं. समोरून हेडलाइट मारून रस्त्यावरचा माणूस दिसतो का बघितलं. पिवळ्या काचेने काही फायदा झाला नाही. रात्री आधीच उजेड कमी, त्यातला आणखी काढून घ्यायचा, मग अंधारातला पायी चालणारा कसा दिसणार?

पीथमपूर अप-डाउन
सिम्युलेटर बॉस्टनचा. तिथे रॉंग साइडने ट्रॅक्टर येतो का? मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, ट्रॉलीत ऊस. या इथे रात्री नऊला.

शल्यगृहातली
मी डोळ्यांच्या ओपीडीत काम करते, डॉक्टर नाही. नाना, वय विचारत नाही, पण हेडलाइट अचानक टोचायला लागले, दिव्यांभोवती वलयं दिसायला लागली, तर आधी मोतीबिंदू तपासा. डोळ्यातलं भिंग धूसर झालं की प्रकाश आत फाकतो, दोष मात्र समोरच्या गाडीला लागतो.

रामबागेतले नाना
म्हणजे ई-रिक्षावाल्यांनी जत्रा मिरवावी आणि ऑपरेशन माझं? माझी नजर उत्तम आहे. रोज वर्तमानपत्र वाचतो, तेही चाळिशी न लावता.

शल्यगृहातली
नाना, साठीनंतर चाळिशीशिवाय वाचता यायला लागलं, हे सुद्धा मोतीबिंदूचंच लक्षण असू शकतं. जवळचं काही काळ सुधारतं. रागावू नका.

रामबागेतले नाना
रागावलो नाही. पण हा ग्रुप आहे की दवाखाना? मी हेडलाइटविषयी बोलत होतो.

पीथमपूर अप-डाउन
नानांवर कशाला घसरताय सगळे? मी छत्तीसचा आहे, मलाही टोचतं. मोतीबिंदू मलाही का?

शल्यगृहातली
तुम्हाला म्हटलं का मी? तुमची विंडशील्ड आतून शेवटची कधी पुसली?

पीथमपूर अप-डाउन
(नो कॉमेंट)

स्नेहलतागंजकर
पांढरे दिवे टोचतात त्याचं कारण तरी ऐका. पांढरा एलईडी आतून निळाच असतो, वर पिवळा उजेड देणाऱ्या फॉस्फर पदार्थाचा थर. त्या निळ्या एलईडीच्या शोधाला 2014 चं नोबेल मिळालं. छोट्या ठिपक्यातून भसकन उजेड बाहेर पडतो. दिवा दुचाकीवर चुकीच्या कोनात बसवला की समोरच्याच्या डोळ्यांत. चष्म्याने कोन बदलत नाही.

सुपर कॉरिडॉरवाला
हेडलाइट आणि ई-रिक्षा, वा! धागा झोपेचा होता. रात्री दीडला सराफ्यात भुट्ट्याचा कीस, वर गरम जिलेबी, आणि घरी येऊन "झोप येत नाही, ब्लू कट घेऊ का?" अशी माणसं माझ्याच टीममध्ये आहेत.

स्नेहलतागंजकर
हेच तर कधीचं सांगतोय. बॉस्टनमध्येच 2014 च्या प्रयोगात 12 जणांना पूर्ण उजेडाच्या आयपॅडवर झोपेआधी चार तास वाचायला लावलं. कागदाच्या पुस्तकापेक्षा झोप लागायला सरासरी दहा मिनिटं उशीर. दहाच मिनिटं! बाकीचे तीन तास तुझी टीम स्क्रोल करते, खाते, भांडते. इथेसुद्धा बघ, किती वाजलेत.

सुपर कॉरिडॉरवाला
नारिंगी चष्मा लावूनच भांडतोय.

सुदामानगरची आई
तुम्ही सगळे भांडा. मला फक्त एवढं सांगा, मुलीच्या काचेला चरे पडलेत, शनिवारी नवीन टाकायची आहे. ब्लू कट सोडून नुसतं एआर घेतलं तर किती वाचतील?

मल्हारगंजचा चष्मेवाला
ताई, खरं सांगू? आमच्याकडे हल्ली एआरची काच म्हटली की ब्लू कट त्यातच येतो. होलसेलवालाच तशी पाठवतो. नुसतं एआर हवं तर ऑर्डर द्यावी लागेल, चार दिवस लागतील आणि थोडं महागच पडेल.

स्नेहलतागंजकर
व्वा काका. म्हणजे न घेण्याचेही जास्त पैसे?

मल्हारगंजचा चष्मेवाला
नंबर काढून घ्यायला आधी येऊ द्या त्यांना. तेवढं फुकट आहे.