दारावरचे डांबराचे ठिपके: रॉकेल लावू का?

वळणवाट:
परवा नुकतंच डांबर ओतलेल्या रस्त्यावरून गाडी न्यावी लागली. पाटी दिसली ती निम्मा रस्ता उरकल्यावर. चाकांखालून तडतड सुरू झाली तेव्हाच पोटात गोळा आला होता. घरी येऊन बघतो तर चाकांच्या मागे, दारांच्या खालच्या पट्ट्यावर आणि मागच्या बंपरवर काळे ठिपकेच ठिपके. काही टाचणीच्या डोक्याएवढे, दोन-तीन शर्टाच्या बटणाएवढे. गाडी पांढरी, म्हणजे लांबूनही दिसतात.

शांपूने धुतलं, ढिम्म. मग नको ते केलं. भांड्यांची हिरवी घासणी घेऊन एका ठिपक्यावर चार हात मारले. ठिपका पसरून तपकिरी डाग झाला आणि भोवती बारीक रेघांचं जाळं उमटलं. बाकीच्यांना अजून हात लावलेला नाही.

रॉकेल चालेल का? गाडी ३ वर्षांची आहे, पण मागचं डावं दार महिन्यापूर्वी ठोकून रंगवून घेतलंय.

सुसाट:
एवढा विचार कशाला? फडक्यावर पेट्रोल घ्या, खसाखसा पुसा, विषय संपला. मी कायम असंच करतो.

जुना रंगारी:
सुसाट, तुमची गाडी उन्हात तिरकी बघा एकदा. गोल गोल रेघा दिसतील.

पेट्रोलने डांबर विरघळतं, त्यात वाद नाही. पण ते इतकं पटकन उडतं की ठिपका मऊ पडायच्या आत फडका कोरडा होतो आणि मग माणूस जोर लावतो. सगळी माती इथेच होते. ठिपक्यात नुसतं डांबर नसतं, खडीची कच अडकलेली असते. तो ठिपका घासणं म्हणजे रंगावर पॉलिश पेपर फिरवणं. वळणवाट, तुमच्या त्या जाळ्यात घासणीइतकाच त्या कचीचाही हात आहे. शिवाय पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते. मी बावीस वर्षं रंगाच्या बूथमध्ये काढली, पुसायला पेट्रोल कुणाला घेऊ दिलं नाही.

शांपूचा दोष नाही. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाला उरतं ते डांबर. तेलाचं भावंड आहे, त्याला पाणी काय करणार? रॉकेल मात्र चालतं. डांबरासाठीचं तयार टार रिमूव्हर मिळालं तर आणखी बरं, त्याचा तेलकटपणा कमी राहतो.

आता मी कसं करायचो ते सांगतो. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. आधी साध्या पाण्याने धूळ काढायची. कापसाचा बोळा रॉकेलमध्ये भिजवून ठिपक्यावर नुसता टेकवून धरायचा, मिनिटभर. घासायचं नाही. बोळ्याखालून तपकिरी ओघळ आला की समजायचं, सुटतंय. मग मऊ मायक्रोफायबरने ठिपका उचलायचा, गालावरचं पाणी टिपतो तसा. प्रत्येक ठिपक्याला फडक्याची नवी घडी, नाहीतर एकाची कच दुसऱ्यावर फिरते. बटणाएवढ्यांना दोन-तीन वेळा बोळा लागेल, चिडू नका. हातात मोजे, आजूबाजूला वारा खेळता, विडी-सिगारेट लांब.

दाराचं रबर, न रंगवलेलं काळं प्लास्टिक आणि दिव्यांच्या काचा यांपासून रॉकेल दूर ठेवा. दिव्याची 'काच' बहुतेक गाड्यांत पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असते, थिनर लागला तर तडकते. थिनर तर कुठेच नको.

रंगवलेल्या दाराचं वेगळं. कंपनीतला रंग भट्टीत पक्का केलेला असतो. दुरुस्तीचा रंग हवेवर सुकवला असेल तर महिन्याभरात वरून कडक वाटला तरी आतून पूर्ण बसलेला नसतो. त्या दाराच्या खालच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी बोळा अर्धा मिनिट टेकवा. फडक्यावर रंग आला किंवा जागा चिकट झाली तर दोन-तीन महिने थांबा. डांबर कुठे पळून जात नाही.

झालं की लगेच शांपूने धुवा आणि तिथे पुन्हा वॅक्स लावा. आधीचं वॅक्सही रॉकेलबरोबर गेलेलं असतं.

निवांत:
भर घालतो. क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी, थेट डांबरावर फिरवू नका. मी फिरवला होता, पहिल्याच दारावर अख्खी वडी काळी झाली आणि फेकावी लागली. आधी डांबर काढा, मग क्ले. आणि नारिंगी बारीक ठिपके दिसले तर ते डांबर नाही, ब्रेकमधून उडालेला लोखंडाचा चुरा असतो. त्यावर रॉकेल ओतून काही होत नाही, आयर्न रिमूव्हर लागतं.

वळणवाट:
काल संध्याकाळी बसलो. बंपर आणि उजवी बाजू स्वच्छ! ओघळ आला तेव्हा जो आनंद झाला तो सांगून पटणार नाही. रंगवलेल्या दाराच्या कडेला फडक्यावर पुसटसा पांढरा आला, तिथे थांबलो. प्रश्न उरला घासणीच्या रेघांचा.

जुना रंगारी:
थांबलात ते उत्तम. रेघांवर पाणी लावा. ओलं असताना दिसेनाशा झाल्या तर त्या वरच्या पारदर्शक थरातच आहेत, बारीक पॉलिशने बऱ्याचशा जातील. पण हात आवरता ठेवा. तो थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ, आणि प्रत्येक पॉलिशला थोडा जातोच. नख फिरवा. अडकलं तर रेघ खोल आहे, पॉलिशच्या नादी लागू नका.

वळणवाट:
पाण्याने सगळ्या गायब. एका ठिकाणी मात्र नख अडकतंय.

जुना रंगारी:
तिथे भिंग लावून बघा. तळाशी पांढरंच दिसलं तर राहू द्या. राखाडी दिसलं तर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, उघडा पडलाय, पाऊस लागायच्या आत टच-अपचा ठिपका द्या.

वळणवाट:
पांढरंच आहे.