रान 'साफ' करण्याआधी
एकांनी विचारलंय, रत्नागिरीकडच्या वडिलोपार्जित रानात घाणेरी (लँटाना, रान बळकावणारं झुडूप) माजलीय, जेसीबी लावून साफ करू आणि रोपं लावू का? आणि एक पोकळ बेहड्याचं झाड आहे, ते विकू का? खाजगी रानांच्या मालकांना सल्ला देणं हेच माझं काम, म्हणून लिहितो. जेसीबी नको. जांभ्या दगडावरची चार बोटं माती पावसात वाहून जाते, आणि उघड्या जमिनीवर पहिली परत येते ती घाणेरीच.

कोयत्याने छाटलीत तर ती दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली इंच-दोन इंचांवर कुदळीने मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उपटून उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. तेही फळं धरायच्या आत. मग दोन-तीन वर्षं मोठ्या झाडांखाली नजर ठेवा. बुलबुल फांदीवर बसून बिया टाकतात, नवी घाणेरी तिथेच उगवते.

रोपांची घाई कशाला? ऐन, किंजळ या झाडांची जुनी खुंटं असतील तर ती आपसूक फुटतात. एकेका खुंटाचे दोन-तीन जोमदार फुटवे राखा, बाकीचे काढा. नर्सरीतल्या रोपाला तेवढी खोल मुळं कुठून येणार?

आणि तो पोकळ बेहडा, 'कुचकामी' म्हणून विकायला काढलेला, त्याला हात लावू नका. धनेश पक्ष्याची मादी अशाच ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर फटीतून फळं भरवतो. (आमच्या आजोबांनी असाच एक लाकूडवाल्याला दिला होता. घरात अजून विषय निघतो.)

रानात खुंटं किती आहेत, ते मोजून सांगाल का?