सिरॉसिस असताना बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया : जोखमीचा कोणता अंदाज ग्राह्य धरावा? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६२ आहे. फॅटी लिव्हरमुळे त्यांना सिरॉसिस (यकृत कायमचे निबर होणे) झाल्याचे निदान तीन वर्षांपूर्वी झाले. (दारूला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही, पण हे प्रत्येक नातेवाइकाला नव्याने सांगावे लागते आणि त्याचा त्यांना फार त्रास होतो.) गेल्या वर्षापासून पोटात पाणी होऊ लागले आणि बेंबीचा हर्निया वाढत जाऊन लिंबाएवढा झाला. त्यावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली असून गेल्या आठवड्यात तिथे एक लहानशी जखम दिसली. खोकला आला की बाबा आधी तळहाताने बेंबी दाबून धरतात आणि मगच खोकतात.

शल्यचिकित्सकांचे म्हणणे असे की पोटातले पाणी औषधांनी आटोक्यात आणून आत्ताच ठरवून शस्त्रक्रिया करावी, कारण कातडी फुटून पाणी वाहू लागले तर जंतुसंसर्ग होईल आणि तातडीने करावी लागणारी शस्त्रक्रिया कितीतरी अधिक धोक्याची ठरेल. आमचे नेहमीचे डॉक्टर मात्र ‘चाइल्ड बी’ (यकृताच्या आजाराच्या तीव्रतेच्या ए, बी, सी वर्गांपैकी मधला) रुग्णाला भूल देण्याच्याच विरोधात आहेत आणि अशा रुग्णांत १०० पैकी ३० दगावतात असे सांगतात.

बाबांचे आकडे असे आहेत : बिलिरुबिन २.४, अल्ब्युमिन २.९, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.५, क्रिएटिनिन १.१, प्लेटलेट ८२ हजार. पाणी थोडे आहे, भ्रम किंवा गुंगी कधीच आलेली नाही. यावरून चाइल्ड-प्यू गुणांक ८, म्हणजे ‘बी’ वर्ग, आणि मेल्ड (यकृताच्या आजाराची तीव्रता मोजणारा दुसरा गुणांक) १५ येतो. ३० टक्के हा आकडा मी शोधला, तेव्हा तो १९८४ आणि १९९७ मधल्या, प्रत्येकी १०० च्या आसपास रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासांतला निघाला. त्यांत पोटाच्या सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया एकत्र धरल्या आहेत. आतडे फुटल्यामुळे रात्री टेबलावर घेतलेला रुग्ण आणि ठरवून हर्निया शिवायला आलेला रुग्ण यांना एकाच आकड्यात बसवणे मला पटत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूचा धोका सांगणारा २००७ चा मेयो क्लिनिकचा गुणांक वय, मेल्ड आणि भूलतज्ज्ञांची एएसए श्रेणी (रुग्णाची एकूण प्रकृती कशी आहे याची) विचारतो, पण शस्त्रक्रिया कोणती हे विचारतच नाही. त्याच कामाचा २०२१ चा व्होकल-पेन गुणांक शस्त्रक्रियेचा प्रकार, ती तातडीची आहे की नाही, अल्ब्युमिन, प्लेटलेट, स्थूलता आणि फॅटी लिव्हर हे सगळे धरतो. दोन्हींत बाबांची माहिती भरली तर मेयोचा धोका व्होकल-पेनपेक्षा बराच जास्त येतो. दुसरा गुणांक मला अधिक जवळचा वाटतो, परंतु तो अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवर बेतलेला आहे. आपल्याकडच्या रुग्णांना तो कितपत लागू पडतो? शिवाय बाबांच्या मांड्या दोन वर्षांत निम्म्या झाल्या आहेत, खुर्चीतून उठताना त्यांना हातांचा आधार लागतो, आणि ही अशक्तता यांपैकी एकाही गुणांकात थेट मोजली जात नाही.

मला जाणकारांकडून, विशेषतः यकृतविकाराच्या रुग्णांना भूल देणाऱ्या किंवा त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडून, हे जाणून घ्यायचे आहे की निर्णय घेताना आपण प्रत्यक्षात कोणत्या आकड्यावर भिस्त ठेवता, आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पाणी भरू नये यासाठी आधी किती आठवडे तयारी करवून घेता. यकृत प्रत्यारोपणासाठी तपासणी आधी करून घ्यावी का, हाही प्रश्न आहे, कारण ते लवकर होणार असेल तर हर्निया त्याच वेळी दुरुस्त करता येतो, असे वाचले. ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी पहिल्या तीन महिन्यांचा अनुभव सांगितला, तो वाईट असला तरी, तर मी ऋणी राहीन.

पुढच्या गुरुवारी शल्यचिकित्सकांना आमचा होकार किंवा नकार कळवायचा आहे. आज सकाळी आईने पट्टी बदलली तेव्हा जखम कोरडी होती.