महोत्सव हवाच, पण खिडकीपाशी काय होतं तेही बघा

वर एकांनी लिहिलंय की नगरपरिषदेने दरवर्षी सगळ्या समाजांचा महोत्सव भरवला की सर्वसमावेशकतेचं काम झालं. महोत्सव जरूर व्हावा, पण मला ते पुरेसं वाटत नाही. खरी कसोटी लागते ती अर्जाच्या खिडकीपाशी. अर्ज एकाच भाषेत असेल, तर शहरात नव्याने आलेली आई शाळकरी मुलीला दुभाषी म्हणून सोबत आणते आणि स्वतःचं आजारपणही लेकीच्या तोंडून सांगते. ही वेळ त्या दोघींवर का यावी? प्रशिक्षित दुभाषी देणं परिषदेचंच काम आहे.

सार्वजनिक बागांच्या बाबतीत ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाचं उदाहरण तर मला फार मोलाचं वाटतं. १९९० च्या दशकातल्या पाहणीत तिथे दिसलं की वयाच्या साधारण नवव्या वर्षानंतर मुली बागेत येईनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात. मोकळी जागा मुलग्यांनी व्यापलेली असायची. मग १९९९ मध्ये दोन बागांची रचना बदलली. पायवाटा वाढवल्या, मोठी मोकळी जागा लहान भागांत वाटली, व्हॉलीबॉलसारख्या खेळांची सोय केली. मुली परत येऊ लागल्या, आणि कुणावर बंदीही घालावी लागली नाही.

पैशाचंही तसंच. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रीत १९८९ पासून वस्त्यांमधले लोक सभा घेऊन शहराच्या खर्चाचा अग्रक्रम ठरवू लागले. फक्त अशा सभा कामाच्या वेळेत ठेवू नका. संध्याकाळी घ्या, जिथे व्हीलचेअर जाईल तिथे घ्या, लहान मुलं सांभाळायला कुणीतरी ठेवा. आणि मागच्या वेळी ठरलेलं काय झालं, ते आधी सांगा.