न बोलता धरलेल्या गोष्टीला काय म्हणावे? गृहीतक, समज की धारणा?

मिरज : मी नववीला भूमिती शिकवतो. युक्लिडच्या पाच विधानांना 'गृहीतके' म्हणतात, ते पटते. अडचण येते ती वादविवादाच्या तयारीत. समोरच्याच्या मुद्द्याखाली न बोललेली एखादी गोष्ट असते, ती मुलांनी शोधावी असे मला सांगायचे असते. तिलाही गृहीतक म्हणावे का? 'समज' म्हटले की मुलांना 'गैरसमज' आठवतो. 'पूर्वग्रह' म्हणजे तर दोषच झाला.

सांगलीवाडी : सर, गृहीतक नको असं मला वाटतं. "समजा, क्ष ही संख्या सम आहे" म्हणणारा जाणूनबुजून धरतो आणि तसं सांगतोही. तुम्ही म्हणताय ती गोष्ट धरणाऱ्याला स्वतःलाही दिसत नाही.

आमच्याकडचंच बघा. पावसाळ्यात कुणी म्हणतं, "पाणी ४० ला टेकलं." कुठलं पाणी, ४० काय, मोजलं कुठं, यातलं काहीच तो सांगत नाही. तरी शेंबड्या पोरालाही कळतं की कृष्णेचं पाणी, फुटात, आयर्विन पुलापाशी. ४० म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हेही कुणाला सांगावं लागत नाही. ही समज सगळ्या गावाची आहे आणि तिच्यामुळं माणसं वाचतात. मध्यरात्री फोनवर अख्खी वाक्यं बोलायला वेळ कुणाला असतो?

पण त्याच गावात असंही म्हणत होते : "२००५ ला आपल्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही, मग सामान कशाला हलवायचं?" २००५ च्या वर पाणी चढत नाही, हे यात धरलेलं आहे. ते कुणी उच्चारलंच नाही, म्हणून कुणी खोडलंही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. असल्या गोष्टीला मी 'धारणा' म्हणेन. तिच्यावर निर्णय उभा असतो, पण ती तपासलेली नसते.

पलूस : 'समज' वापरताना लिंग सांभाळा. 'ती समज' म्हणजे कळण्याची शक्ती (पोराला समज आली), किंवा वर दादांनी म्हटली तशी सगळ्यांची मिळून असलेली. 'तो समज' म्हणजे मत, आणि ते बहुतेक वेळा कच्चं असतं. "लोकांचा असा समज आहे" म्हटलं की पुढं 'पण' येणार हे ऐकणाऱ्याला कळतंच. मुलांना गैरसमज आठवतो तो पुल्लिंगी समजामुळं.

वाई : आमच्याकडे प्राज्ञपाठशाळा या जुन्या संस्कृत पाठशाळेमुळे न्यायातले, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले, शब्द थोडेफार कानावर असतात, म्हणून दोन सुचवतो. न्यायसूत्रांत दृष्टांताची व्याख्या अशी आहे की, ज्या गोष्टीबद्दल सामान्य माणूस आणि परीक्षक (तर्काने पारखून घेणारा जाणकार) या दोघांची बुद्धी सारखी असते, तो दृष्टांत. डोंगरावर धूर आहे म्हणजे अग्नी आहे, जसा स्वयंपाकघरात असतो. डोंगराबद्दल वाद होईल, स्वयंपाकघराबद्दल होणार नाही. दोघांना आधीच मान्य असलेले असे काही नसेल, तर वाद सुरूच होऊ शकत नाही. व्याख्येतच सामान्य माणसाला परीक्षकाच्या शेजारी बसवले आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरा शब्द 'अभ्युपगम'. न तपासता, केवळ चर्चेपुरते मान्य केलेले. आपण "घटकाभर मानू" म्हणतो ना, ते. युक्लिडचे गृहीतक याहून वेगळे, कारण त्यावर पुढची सगळी रचना उभी राहते.

(शाळेच्या भूमितीत 'पक्ष' म्हणजे दिलेली माहिती. न्यायात मात्र जिथे साध्य (इथे अग्नी) सिद्ध करायचे तो पक्ष, म्हणजे इथे डोंगर. हे दोन अर्थ मिसळू नयेत.)

सांगलीवाडी : सर, नामच कशाला हवं? मुलांना विचारा, "हा काय धरून चाललाय?" आपण रोज असंच बोलतो.

मिरज : हे फार चांगले झाले. प्रश्न तसाच विचारतो. मुले जे शोधून काढतील त्याला 'धारणा', आणि दोन्ही बाजूंना आधीपासून मान्य असेल त्याला 'सामायिक समज'. अभ्युपगम नववीला जड जाईल, तिथे 'वादापुरते मान्य' लिहितो.