वजन मोजा, पण वर्गात पुकारू नका

"वजन सगळ्यांसमोर सांगितलं की मुलं आपोआप खाण्यावर ताबा ठेवतात, त्यात लपवायचं काय?" शाळेत मुलांची वजनं मोजण्याबद्दलचं हे मत मला अजिबात पटलं नाही. माझी मुलगी सहावीत असताना इथे सांगलीत तिच्या शाळेत वजनकाटा वर्गाच्या दारातच ठेवला होता. बाई आकडा मोठ्याने सांगायच्या आणि पहिल्या बाकावरची मुलगी तो वहीत उतरवायची. त्यानंतर महिनाभर डबा तसाच परत यायचा, चपातीची घडीसुद्धा मोडलेली नसायची. मुलं तिला त्या आकड्यानेच हाक मारतात, हे शेवटी तिच्या मैत्रिणीकडून कळलं. आम्ही तीन-चार पालक मुख्याध्यापकांना भेटलो, तेव्हा कुठे काटा ऑफिसात गेला आणि नोंद बंद पाकिटातून घरी यायला लागली.

शिवाय वाढत्या मुलांच्या बाबतीत नुसत्या किलोंवरून काहीच ठरत नाही. उंची, वय आणि मुलगा की मुलगी हे धरून बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) तक्त्यावर बघावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते त्यासाठीच आहेत. वर्गात पुकारलेल्या आकड्यात यातलं काय असतं? आणि शाळेला खरंच काळजी असेल तर आधी गेटबाहेर बघावं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि गेटपासून ५० मीटरपर्यंत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. आमच्या गेटला चिकटूनच वेफर्स आणि कोल्ड्रिंकची टपरी आहे.