मदत हवी आहे: फोटोडायनॅमिक थेरपीनंतर उजेडापासून घ्यायची काळजी

माझ्या सासऱ्यांना अन्ननलिकेचा कर्करोग असून, गिळण्यातला अडथळा कमी करण्यासाठी डॉक्टरांनी फोटोडायनॅमिक थेरपी सुचवली आहे. पोर्फिमर सोडियम हे औषध शिरेतून दिल्यावर ते रोगट पेशींत साचते आणि ४० ते ५० तासांनी दुर्बिणीवाटे ६३० नॅनोमीटरचा तांबडा लेसर सोडला की तिथल्या ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपामुळे त्या पेशी मरतात. एवढे समजले, प्रश्न पुढच्या काळजीचा आहे.

औषध त्वचेतही उरत असल्याने किमान ३० दिवस ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे आहेत, मात्र पूर्ण अंधारात न बसता घरातल्या सौम्य उजेडात वावरायचे आहे, कारण त्यानेच ते हळूहळू निष्क्रिय होते. नेहमीचे सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, दृश्य प्रकाश नव्हे, म्हणून तेही निरुपयोगी. त्यात आमचे घर पश्चिमाभिमुख आणि सासरे ओसरीवर बसल्यावाचून न राहणारे!

ज्यांच्या घरी हा उपचार झाला आहे, त्यांनी पडदे, कपडे आणि गॉगल यांची व्यवस्था कशी केली? छातीतले दुखणे किती दिवस राहिले, त्या काळात आहार काय दिला आणि दिवसा तपासणीला नेणे कसे जमवले, हे कृपया कळवावे.